ज्याच्या हाती दावे, त्याच्या माथी चारा



पैशाची चणचण भासू लागली की घर असो वा सरकार, पहिला प्रश्न एकच असतो : कोणता खर्च कमी करता येईल? हा प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. उधळपट्टीचा पवित्र कुरआनने कठोर निषेध केला आहे आणि कंजुषीलाही त्याच न्यायाने दोष दिला आहे. श्रद्धावंताने या दोहोंमधला मार्ग धरावा, अशी शिकवण आहे. मात्र या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो आपण सहसा विचारत नाही. ज्या खर्चावर आपण काट मारत आहोत, तो आपल्या मर्जीचा आहे, की ते कोणाचे तरी आपल्यावरील देणे आहे? मर्जीचा खर्च थांबविणे याला काटकसर म्हणतात. देणे थांबविणे याला बुडविणे म्हणतात. हा भेद आज आपण अशा जिवांच्या संदर्भात तपासून पाहू, ज्यांना अंदाजपत्रक वाचता येत नाही, मत देता येत नाही आणि आपल्या भुकेची तक्रार कोणत्याही कार्यालयात नोंदविता येत नाही. हे जीव म्हणजे सार्वजनिक प्राणिसंग्रहालयांतील प्राणी.

कर्जत-खालापूरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. कर्जत आणि खोपोलीहून निघालेली लोकल भायखळ्याला थांबते आणि तेथून राणीची बाग जवळच आहे. आपल्यापैकी कित्येकांनी वाघ आणि हत्ती पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सहलीत, याच बागेत. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आज तिचे नाव आहे. १८६२ पासून ती लोकांसाठी खुली आहे आणि तिचा कारभार मुंबई महानगरपालिका पाहते. पुण्याजवळ कात्रजला महापालिकेचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. नागपुरात गोरेवाडा आहे, महाराजबाग आहे. ही सारी स्थाने सार्वजनिक आहेत, म्हणजे तेथील प्रत्येक पिंजऱ्याचा मालक कोणी एक धनिक नसून तुम्ही-आम्ही आहोत. मालकी आपली, म्हणून उत्तरदायित्वही आपले. या विचाराची सुरुवात येथूनच होते.

सरकारी खर्चावर काट कशी पडते, हे आपण नजीकच्या काळात पाहिले आहे. कोरोनाच्या साथीने महसूल आटला तेव्हा ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने आदेश काढला की, विकासकामांसाठी त्या वर्षी तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी मिळेल. सार्वजनिक आरोग्य, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन अशा विभागांना प्राधान्य देण्यात आले. संकट खरे होते आणि प्राधान्याचा हा क्रमही समजण्यासारखा होता. आपल्याला येथे केवळ एक गोष्ट ध्यानात घ्यायची आहे. एका सहीने तरतूद एक-तृतीयांश होऊ शकते. भूक मात्र एक-तृतीयांश होत नाही. रस्त्याचे काम एक वर्ष थांबले तर रस्ता एक वर्ष उशिरा होतो. हत्तीला दिवसाकाठी शंभर-दीडशे किलो वैरण लागते. ती एक वर्ष थांबली तर पुढच्या वर्षी वैरण घालायला हत्ती उरत नाही. त्याच काळात राणीची बाग सुमारे अकरा महिने बंद राहिली. दारावरचे तिकीट थांबले, पण पिंजऱ्यांतील एकही तोंड कमी झाले नाही.

अशा वेळी गोष्टी कोणत्या थराला जाऊ शकतात, याची दोन उदाहरणे जगाने २०२० मध्येच पाहिली. जर्मनीतील नॉयम्युन्स्टर येथील प्राणिसंग्रहालय टाळेबंदीमुळे उत्पन्नाला मुकले. तेव्हा तेथील संचालकांनी जाहीरपणे सांगितले की, अगदीच वेळ आली तर कोणता प्राणी आधी मारून दुसऱ्यांना खाऊ घालायचा, याची यादी आम्ही करून ठेवली आहे. दुसरे उदाहरण आपल्याला अधिक अंतर्मुख करणारे आहे. सुदानची राजधानी खार्तूम येथील अल-कुरैशी उद्यानात त्या वर्षीच्या जानेवारीत हाडांचे सापळे झालेले सिंह लोकांनी पाहिले. देश आर्थिक संकटात होता, नगरपालिकेकडे पैसा नव्हता, उद्यान काही अंशी देणगीदारांच्या भरवशावर चालत होते आणि कर्मचारी स्वतःच्या खिशातून मांस आणत होते. एक सिंहीण दगावली. जर्मनीकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु हे दुसरे उदाहरण अजानचे सूर ज्या शहरात पाच वेळा घुमतात, त्या शहरातील आहे. शिकवण ग्रंथात असणे आणि ती तिजोरीच्या हिशेबात उतरणे, यांत किती अंतर असते हे त्यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्राण्याला खाऊ घालणे ही दया आहे की कर्तव्य?

रानातील वाघाला खाऊ घालणे माणसावर बंधनकारक नाही. सूरह हूदमध्ये सांगितले आहे की, पृथ्वीवरील प्रत्येक जिवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतली आहे. ही उपजीविका, हे रिज्क, त्याने जमिनीवर पसरून ठेवले आहे. भीमाशंकरच्या जंगलातील शेकरूला ते झाडांवर मिळते, भातखाचरातील बगळ्याला चिखलात मिळते. जीव हिंडतो, शोधतो आणि आपला वाटा उचलतो. पिंजरा नेमके काय करतो? तो या जिवाला त्याच्या पसरलेल्या रिज्कपासून तोडतो. जो पिंजरा बांधतो, तो त्या जिवाच्या आणि पालनकर्त्याने ठेवलेल्या घासाच्या मधोमध उभा राहतो. त्या क्षणापासून तो घास त्याच्याच हातून जाणे भाग असते. त्याने हात आखडता घेतला तर त्याचा अर्थ 'मी मदत थांबविली' एवढाच होत नाही. 'मी वाट अडविली आणि अडवून ठेवली' असा होतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली मांजरीची हदीस या दृष्टीने पुन्हा वाचावी. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली आणि ती मेली, त्याबद्दल ती स्त्री नरकाची धनी झाली, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले. तिचा अपराध सांगताना दोन गोष्टींचा उल्लेख येतो. तिने मांजरीला खाऊ-पिऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाण्यासाठी तिला मोकळेही सोडले नाही. या दुसऱ्या गोष्टीवर आपण फारसे थांबत नाही. तिने मांजर मोकळी सोडली असती तर न भरविल्याचा दोष तिला लागला नसता. दोष उत्पन्न झाला तो कोंडल्यामुळे. तिने मांजरीला मारहाण केली, असेही हदीसमध्ये नाही. तिने फक्त काही केले नाही. निधी न देणे, पद न भरणे, मंजुरी लांबविणे ही देखील 'काही न करण्याचीच' रूपे आहेत. अशा न करण्यालाही हिशेबाच्या दिवशी वजन असते, हा या हदीसचा धडा आहे.

दुसरा प्रसंग मदीनेतील एका अन्सारीच्या बागेतला आहे. तेथील उंट पैगंबरांना (स.) पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पैगंबरांनी त्याला कुरवाळून शांत केले, मालकाला बोलावून घेतले आणि विचारले की, ज्या जनावराची मालकी अल्लाहने तुला दिली, त्याच्या बाबतीत तुला अल्लाहचे भय वाटत नाही काय? तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवितोस, अशी तक्रार त्याने केली आहे. मालकी मिळालेली आहे, म्हणजे ती अमानत आहे. आणि अमानतीत खोट आली तर तक्रार ऐकणारा कोणीतरी आहे, हे दोन्ही विचार या एका प्रश्नात सामावले आहेत.

आपल्या फिकहच्या विद्वानांनी या शिकवणीला नियमांचे रूप दिले. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत, म्हणून शाफई ग्रंथांतील क्रम येथे सांगणे उचित होईल. जनावराचे पालनपोषण मालकावर वाजिब आहे. मालक टाळाटाळ करील तर शासनाने त्याला भाग पाडावे : त्याने खाऊ घालावे किंवा विकून दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि जनावर खाण्यास वैध असेल तर जबह करावे. मालकाकडे पैसाच नसेल तर शासनाने ते जनावर विकावे किंवा भाड्याने देऊन त्याच्या पोटाची सोय करावी. आणि जनावर आंधळे वा पांगळे असल्यामुळे त्याला कोणी घेतच नसेल तर? तर त्याचा खर्च बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून करावा. ज्याचा कोणालाही उपयोग नाही, त्या जनावराचा शेवटचा आधार जनतेची तिजोरी आहे, हे या नियमाने मान्य केले. सातव्या हिजरी शतकातील थोर शाफई विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू ६६० हि.) यांनी 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात जनावरांचे माणसावरील हक्क मोजून दाखविले आहेत. त्यांत पहिल्याच ओळीत हे येते की, ते म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याच्यावरचा खर्च चालू ठेवावा. त्यांनी 'हक्क' म्हटले, हे विसरू नये. दान थांबविता येते. हक्क थांबविला तर तो जुलूम होतो.

हे तत्त्व केवळ ग्रंथात आहे असेही नाही. आपल्या गावांच्या जुन्या व्यवहारात ते दिसते. भातशेतीच्या दिवसांत कोणाचे गुरू दुसऱ्याच्या खाचरात शिरले की ते कोंडवाड्यात जाते. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने कोंडवाडा चालविणाऱ्यावर गुरांना चारा-पाणी देण्याची जबाबदारी टाकली आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची सोय केली. मालक आलाच नाही तर गुरांची विक्री करण्याची तरतूद ठेवली. गुरू अपराधी ठरवून कोंडलेले असते, तरीही कोंडणाऱ्याने त्याला उपाशी ठेवू नये, हे परकीय सरकारलाही मान्य होते. स्वतंत्र भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मालकाने पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा गुन्हा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती व जल्लीकट्टूच्या निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख केला; त्यांत भूक व तहानेपासूनची मुक्तता आहे. प्राणिसंग्रहालयांसाठी १९९२ पासून केंद्रीय प्राधिकरण आहे आणि त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही.

पण कायद्याची मर्यादाही ओळखावी. नागपूरची महाराजबाग कृषी विद्यापीठ चालविते. २०१८ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने तिची मान्यता रद्द केल्याचा आदेश काढला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. अशा प्रत्येक प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मान्यता कागदावर रद्द होते, भूक रद्द होत नाही. आदेश निघाल्यापासून प्राणी दुसरीकडे हलविला जाईपर्यंतच्या प्रत्येक दिवसाचे खाणे, औषध आणि राखण कोणाला तरी द्यावीच लागते.

आपल्या तालुक्यात या प्रश्नाचे एक जवळचे रूप माथेरानला आहे. तेथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे माणसे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जात आली. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. म्हणजे डोंगराची हवा स्वच्छ राहावी असे समाजाने ठरविले आणि त्या निर्णयाचे ओझे चारशेहून अधिक घोड्यांच्या पाठीवर आले. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले, घोडेवाल्यांची कमाई थांबली आणि घोड्यांच्या चंदी-चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. घोडा खासगी मालकीचा आहे, हे खरे. तरी ज्या व्यवस्थेचा लाभ सर्वांनी घेतला, तिच्या कष्टकऱ्याची भूक एकट्या गरीब मालकावर सोडून समाजाला हात झटकता येतील काय? मालक असमर्थ असेल तेथे बैतुलमालने पुढे यावे, हा नियम याच प्रश्नाचे उत्तर आहे. आता तेथे ई-रिक्षा आल्या आहेत. माणसाला माणसाने ओढण्याची प्रथा संपावी हे योग्यच आहे. पण काम कमी झालेल्या घोड्याचे पुढे काय, हाही त्या निर्णयाचाच भाग समजला पाहिजे.

वाचकहो, या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांतील एकही क्षुल्लक नाही.

पहिला आक्षेप असा : माणसे उपाशी असताना सिंहाच्या मांसाची चिंता कशाला? खालापूर तालुक्यात राहणाऱ्याला या आक्षेपाची धार कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. कातकरी आणि ठाकर वाड्यांतील मुलांचे कुपोषण हा आपल्या दारातला प्रश्न आहे. माणसाच्या प्राणाचे रक्षण हे शरीअतच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी आहे आणि खरोखर एकच घास उरला असेल तर तो मुलाच्या मुखात जावा, याविषयी दुमत नाही. पण अंदाजपत्रक म्हणजे एकच घास उरलेली थाळी नसते. त्यात हजारो नोंदी असतात आणि निवड त्या सर्वांतून होते. पिंजऱ्यातून काढलेला घास वाडीतील मुलाच्या ताटात पडला, असे दाखविणारी नोंद त्यात आपल्याला कोठे दिसते? दोन मुक्या गरजूंना समोरासमोर उभे करून एकाच्या नावाने दुसऱ्याचे काढून घ्यायचे आणि शेवटी दोघांनाही रिकाम्या हाती ठेवायचे, ही चतुराई ओळखली पाहिजे. वाडीच्या सुरक्षित पुनर्वसनाचा आग्रह धरणारा माणूस आणि पिंजऱ्यातील जिवाच्या खाण्याचा आग्रह धरणारा माणूस एकाच तत्त्वावर उभे आहेत : जो स्वतःसाठी काही करू शकत नाही, त्याचे देणे आधी चुकते व्हावे.

दुसरा आक्षेप : हे काम दानशूरांवर का सोपवू नये? बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राणी दत्तक घेण्याची योजना आहे आणि ती स्तुत्य आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला क्षमा मिळाली आणि प्रत्येक सजीवाच्या सेवेत पुण्य आहे, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. तथापि सदका आणि नफका यांत फरक आहे. बापाने मुलाच्या जेवणाची व्यवस्था शेजाऱ्यांच्या औदार्यावर सोपविली तर शेजारी पुण्यवान ठरतील, पण बाप कर्तव्यमुक्त होणार नाही. शिवाय दात्याचे मन सहसा देखण्या प्राण्याकडे धावते. वाघाला पालक मिळेल. तरसाला, मगरीला, म्हाताऱ्या कोल्ह्याला कोण घेईल? ज्यांना कोणी निवडत नाही, त्यांच्यासाठीच तर बैतुलमालचा नियम आहे. खार्तूमचे सिंह दानावर अवलंबून होते, हेही येथे आठवावे.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे : प्राणिसंग्रहालये असावीतच कशाला? सूरह अन्आममध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. अशा समुदायातील जिवाला केवळ पाहण्याच्या हौसेसाठी आयुष्यभर कोंडणे योग्य आहे काय, हा प्रश्न गंभीर आहे आणि प्रामाणिक माणसे त्याची वेगवेगळी उत्तरे देतील. दुर्मिळ प्राण्यांचे प्रजनन, जखमी प्राण्यांचा सांभाळ, मुलांचे शिक्षण या बाजूही आहेत. परंतु हा वाद कसाही सुटो, आज आत असलेल्या जिवाचे देणे त्यामुळे मिटत नाही. कर्ज काढायला नको होते, असे पटले म्हणून काढलेले कर्ज माफ होत नाही. पिंजऱ्यात जन्मलेला वाघ रानात सोडला तर तो शिकार करू शकत नाही. 'मोकळे सोडा' हा पर्याय त्याच्यापुरता आपणच संपविला आहे. म्हणून त्याच्या बाबतीत दोनच मार्ग उरतात : नीट पोसणे, किंवा जो नीट पोसू शकेल त्याच्या हवाली करणे. प्राणिसंग्रहालयांचा समर्थक आणि विरोधक, दोघांनाही या ठिकाणी एकत्र यावेच लागेल.

येथून काटकसरीचा योग्य क्रमही मिळतो. काट मारायचीच असेल तर ती उद्याच्या पिंजऱ्यावर मारावी, आजच्या खाद्यावर मारू नये. नवे प्रवेशद्वार, नवी शोभा, नव्या पाहुण्या प्राण्यांची खरेदी, पोसता येणार नाही अशा संख्येचे प्रजनन हे सर्व थांबविता येते. खाद्य, पाणी, पशुवैद्य, स्वच्छता आणि देखभाल करणाऱ्या कामगाराचे वेतन थांबविता येत नाही. कामगाराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी देण्याची शिकवण आपल्याला आहे. आणि वेतन थकलेल्या, कंत्राट कधी संपेल याची धास्ती असलेल्या माणसाच्या हातीच त्या प्राण्याचा जीव असतो. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. पोट भरणे पुरेसे नसते, दक्षतेवरही अखंड खर्च व्हावा लागतो, हे अशा घटना सांगतात. सरकारी हिशेबात वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना बांधील खर्च मानतात. कितीही टंचाई असो, तो आधी भागवितात. कोंडलेल्या जिवाचा खर्च याच रकान्यात असला पाहिजे. व्याज चुकले तर सावकार दाराशी येतो, म्हणून ते चुकत नाही. वाघ दाराशी येऊ शकत नाही. त्याच्या वतीने उभे राहणारा फक्त आपला ईमान आहे.

आणि आणताना विचार हवा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन राणीच्या बागेत आणले गेले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरील हा पक्षी मुंबईच्या उकाड्यात केवळ थंड केलेल्या दालनात जगू शकतो. त्यांतील एक ऑक्टोबरमध्येच दगावला. पुढे २०१७ मध्ये बागेचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. मुलांना पेंग्विन पाहून आनंद होतो, हे खरेच. पण जिवाला त्याच्या घरापासून जितके दूर न्यावे, तितके आपले ऋण वाढते. चितळाला चारा पुरतो. पेंग्विनला चाऱ्यासोबत हवामानही द्यावे लागते. त्याच्यासाठी विजेचे देयक हेसुद्धा खाद्यच आहे. हे ऋण पाच वर्षांच्या कारकीर्दीचे नसते, त्या जिवाच्या आयुष्याएवढे असते. ज्याला शेवटपर्यंत पोसण्याची हमी देता येत नाही, त्याने आणू नये.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे सारे मंत्रालयात आणि महापालिकेत ठरते, आमच्या हाती काय आहे? येथे फर्ज-ए-किफायाची कल्पना आपल्याला सावध करते. आजच्या कारभारात एका निर्णयावर दहा सह्या असतात आणि दोष दहा जणांत वाटला जाऊन कोणाच्याच वाट्याला येत नाही. शरीअतचा न्याय उलट आहे. सामूहिक कर्तव्य काहींनी पार पाडले तर सर्व मुक्त होतात; कोणीच पार पाडले नाही तर सर्व दोषी ठरतात. दोष वाटला गेल्याने कमी होत नाही, तो प्रत्येकावर पूर्णच असतो. म्हणून अंदाजपत्रकाच्या दिवसांत लोकप्रतिनिधीला रस्ता आणि पाण्याविषयी विचारताना एक प्रश्न यासाठीही विचारावा : आपण कोंडलेल्या जिवांच्या खाण्याची तरतूद पूर्ण आहे ना? सहलीला नेलेल्या मुलांना प्राण्यांची नावे सांगाल, तेव्हा हेही सांगा की, यांना जेवू घालणाऱ्यांत आपलाही वाटा आहे.

आणि सरकारला प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्या अंगणातले दावे पाहावे. ईदुल अजहापूर्वी काही दिवस आपल्या दाराशी बकरा बांधला जातो. तो बाजारातून कसा आला, टेम्पोत किती जनावरे कोंबली होती, भर उन्हात त्याला पाणी मिळाले की नाही, सावली होती की नाही, याचा हिशेब कुरबानीच्या पुण्यापासून वेगळा नाही. घराच्या ओट्यावर पिंजऱ्यात पोपट टांगलेला असेल तर तो ठेवणे कायद्यानेही मना आहे आणि त्याचे आकाश त्याला परत मिळावे, यातच भलाई आहे. उडण्याचे बळ गमावलेला असेल तर त्याला वनविभागाच्या हवाली करावे. म्हातारा झालेला बैल, दूध आटलेली म्हैस, शिकारीच्या कामाचा न उरलेला कुत्रा यांच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपल्या सरकारकडून आपण काय अपेक्षू शकतो ते ठरते. सरकारची तिजोरी ही शेवटी आपल्याच सवयींची बेरीज असते.

अमीरुल मोमिनीन हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी मिसरच्या आपल्या अधिकाऱ्याला उंटांवर लादावयाच्या ओझ्याची मर्यादा कळविली होती. विशाल साम्राज्याच्या कारभारात उंटाच्या पाठीला जागा होती, कारण त्या शासकाला आपणही कोणाच्या तरी हिशेबवहीत आहोत याचे भान होते. टंचाई ही शासनाची आणि समाजाची परीक्षा असते. सुबत्तेत सर्वच उदार दिसतात. हात आखडल्यावर आपण प्रथम कोणाचा घास काढतो, यावरून आपली खरी ओळख पटते. ज्याने तक्रार करता येत नाही म्हणून मुक्याचा घास काढला, त्याने हे विसरू नये की उंटाची तक्रार ऐकली गेली होती.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या हाती असलेल्या प्रत्येक दाव्याचे भान देवो आणि त्याचे देणे वेळेवर चुकविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.